काकांच्या नावानं स्पर्धा, पण कसली?

शनिवारी संध्याकाळी तलावपाळीवर आम्ही चौघं नेहमीच्या जागी बसलो होतो, गडकरी रंगायतनच्या अंगाला. वकील, मास्तर, छोटू आणि मी. काका जाऊन सतरा दिवस झाले होते. तेराव्याला जाऊन आलो, पण तिथे कोण कोणाशी धड बोलणार? सगळे निवांत भेटलो ते त्यानंतर पहिल्यांदाच. छोटूनं बसल्या बसल्या विषय काढला. काकांच्या नावानं पूलची, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळाची, स्पर्धा घ्यायची. एट बॉल (आपले बॉल पाडून शेवटी काळा आठ पाडायचा तो प्रकार), नॉकआउट, बत्तीस जणं, माणशी पाचशे एन्ट्री, जिंकेल त्याला दहा हजार रोख. पोस्टरसुद्धा मोबाइलवर तयार होतं. मधे काकांचा फोटो, मागे पेटलेले बॉल.

"हे नाही चालणार," मी म्हणालो.

"फोटो बदलू या ना."

"फोटोचं नाही रे. काकांचं नाव आणि रोख रक्कम एका कागदावर नको."

तिथून जे पेटलं ते चण्याच्या तीन पुड्या आणि दोन वेळा चहा होईपर्यंत विझलं नाही. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून लिहून काढतोय.

काका कोण ते आधी सांगतो. मुंबईतल्या एका जिमखान्यात ते आयुष्यभर मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्ड्स रूमचा माणूस. स्कोअर लावायचा, टेबलाच्या कापडाला ब्रश मारायचा, वर इस्त्री फिरवायची, बॉल पुसून ठेवायचे, क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, टिप झिजली की नवी चिकटवून द्यायची. आणि एखाद्या मेंबरला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं. निवृत्तीनंतर ठाण्यात आले आणि नौपाड्यातल्या एका पहिल्या मजल्यावरच्या पूल पार्लरमध्ये बसायला लागले. चार टेबलं, खिडकीला काळा कागद, जिन्यात कायम ओल. पगार किती होता माहीत नाही, फार नसणार. आम्ही सगळे तिथेच खेळायला शिकलो.

वकील म्हणाला, "मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माणूस म्हणून काका मोठे, मान्य. पण खेळाडू म्हणून? घरात एक ढाल नाही. ज्यानं काही जिंकलं नाही, त्याच्या नावाची ट्रॉफी बाहेरून येणारी पोरं कशासाठी खेळतील?"

माझं डोकंच फिरलं. "जिंकायला खेळू दिलं होतं का कोणी? मार्करला मेंबरांच्या स्पर्धेत नाव घालता येत नव्हतं त्यांच्याकडे. ज्यांना रोज हरवायचे, त्यांचीच नावं भिंतीवरच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत चढायची, आणि तो फळा पुसायचं कामही यांचंच."

वकील गप्प झाला. पण मुद्दा सोडेल तो वकील कसला. "म्हणजे आपण सांगू ते लोकांनी खरं मानायचं."

तेव्हा मास्तर बोलले. मास्तर गणित शिकवतात, बोलतात कमी. "विली मोस्कोनी ऐकलायस?" त्यांनी छोटूला विचारलं.

"मोस्कोनी कप माहितीय. युरोप आणि अमेरिका. दर डिसेंबरला बघतो मी."

"तो कप. आणि माणूस?"

छोटूला माणूस माहीत नव्हता. त्यात त्याचा दोष नाही, कप बघणाऱ्या कितीजणांना माहीत असेल! मास्तरांनी सांगितलं. फिलाडेल्फियाचा पोरगा, जन्म 1913 चा. बापाचाच पूल हॉल, पण बापाला मुलगा रंगमंचावर जायला हवा होता, म्हणून तो क्यू आणि बॉल कुलपात ठेवायचा. पोरानं घरातले बटाटे घेतले, झाडूचा दांडा घेतला आणि रात्री त्यांच्यावर सराव केला. पुढे 1941 ते 1957 या काळात पंधरा वेळा जगज्जेता. आणि 1954 च्या मार्चमध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला प्रदर्शनी सामन्यात एकही न चुकता सलग 526 बॉल पॉट केले, म्हणजे पॉकेटात घातले.

"पाचशे?" छोटू.

"पाचशे सव्वीस. आता हिशोब कर. 14.1 म्हणजे पूलचाच एक प्रकार. त्यात चौदा बॉल गेले की पंधरावा टेबलावर तसाच ठेवतात आणि चौदांचा रॅक, म्हणजे त्रिकोण, पुन्हा लावतात. तो पंधरावा पॉट करता करता पांढऱ्यानं, म्हणजे क्यूनं मारतात त्या बॉलनं, रॅक फोडायचा आणि पुढे चालू. म्हणजे सदतीस रॅक पूर्ण, वर आठ. तो आकडा पार व्हायला 2019 उजाडलं. पासष्ट वर्षं."

छोटू बोटं मोजत राहिला.

"आता माझा मुद्दा ऐक," मास्तर म्हणाले. "मोस्कोनी 1993 मध्ये गेला, 1994 मध्ये त्याच्या नावानं कप सुरू झाला. पण हा माणूस ओळखला जातो 14.1 साठी, कप आहे नाइन बॉलचा, म्हणजे पूलच्या वेगळ्याच प्रकाराचा. तो कोट-टाय घालून, प्रेक्षकांना श्वास रोखायला लावून खेळणारा. कपाला ढोल, आरडाओरडा, गाणी. कप चांगला आहे, मीही बघतो. पण नाव राहिलं आणि माणूस मागे पडला. आपण काकांचं तेच करायला निघालोय."

मला वाटलं, झालं, मास्तर माझ्या बाजूला आले. तेवढ्यात ताई आली. कळव्याला राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, ड्यूटी संपवून थेट आली होती. आमच्यात सगळ्यात चांगला खेळ तिचा. वकिलानं तिला थोडक्यात सांगितलं की कशावरून भांडण चाललंय.

ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला पैसे का नकोत?"

"काका कधी पैशावर खेळले नाहीत म्हणून."

"दादा, तुमचा पगार एक तारखेला येतो. मी बाहेरगावी स्पर्धेला गेले तर गाडीभाडं, राहणं, एन्ट्री, सगळं माझं. मागच्या वर्षी सेमीपर्यंत गेले, हातात आलं ते भाड्यात गेलं. बक्षिसाचे पैसे म्हणजे जुगार नाही. काकांनीच मला पाठवलं होतं तिकडे, स्वतः क्यूची टिप बसवून दिली होती. आणि तुमचा तो मोस्कोनी, तोसुद्धा तरुणपणी घर चालवायला पैशाच्या स्पर्धा खेळलाय. विचारा मास्तरांना."

मास्तरांनी मान डोलावली. खरंच होतं ते.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पैशाला नाही म्हणत होतो, पण मनात खुपत होतं ते वेगळंच. ते शब्दांत धरता येईना, म्हणून मी त्यांना त्या पावसाळी संध्याकाळची गोष्ट सांगितली. वकील आणि छोटू तेव्हा नव्हते.

मुलुंडहून पाच-सहा पोरं आली होती. त्यातला एक जोरात होता, सगळ्यांना हरवून बसला होता आणि म्हातारबुवा खेळणार का म्हणून विचारत होता. आपल्याकडचा रिवाज, हरेल त्यानं टेबलाचे पैसे भरायचे. काका उठले. एक फ्रेम, म्हणजे डाव, त्याची, एक काकांची, तिसरी शेवटची. काकांचा फक्त काळा आठ राहिला होता, मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, सरळ. पांढरा त्याच्या मागे, पण इतका जवळ की मधे टिपेला लावायच्या चॉकचा अर्धा तुकडासुद्धा उभा राहिला नसता. काकांनी मारला. आठ गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या, मुलुंडच्या पोरानं हातसुद्धा पुढे केला.

काका म्हणाले, "फाउल. डबल लागला."

पोरगा म्हणाला, "नाही काका, क्लीन होता. मी बघत होतो."

"तू आठाकडे बघत होतास. पांढरा बघायचा असतो. आठाच्या बरोबरीनं पुढे पळाला तो. एकदाच लागला असता तर जागेवर अडखळला असता."

आठ फाउलवर पडला की फ्रेम गेली. काकांनी खिशातून पैसे काढून काउंटरवर ठेवले, तिन्ही फ्रेमचे. मग पोराला टेबलाशी बोलावलं, दोन बॉल तसेच लावले आणि दाखवलं. दोन बॉल चिकटलेले असतील तर पूलमध्ये त्यातून सरळ मारलेलं चालतं, स्नूकरमध्ये नाही चालत. पण केसाएवढी फट असली की धोका. टिप पांढऱ्याला लागते, पांढरा समोरच्याला आपटून थबकतो आणि मागून येणारी टिप त्याला पुन्हा गाठते. कानाला आवाज एकच येतो. म्हणून क्यूचं बूड उचलून मारायचं किंवा कडेनं बारीक कापायचा. अर्धा तास दाखवत होते. बाहेर धो धो पाऊस, कोणी हललं नाही.

"तिथे रेफरी नव्हता," मी म्हणालो. "समोरचा स्वतः म्हणत होता की क्लीन आहे. छोटू, तुझ्या त्या दहा हजारांच्या फायनलला कोण असा फाउल सांगेल?"

छोटू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी सांगितला नसता."

आम्ही काही म्हणालो नाही. खोटं बोलला असता तर वाईट वाटलं असतं.

ताई म्हणाली, "मला पहिला महिना एकही बॉल पॉट करू दिला नाही त्यांनी. पांढरा एकटा घ्यायचा, मधल्या रेषेवरून समोरच्या गादीला, म्हणजे टेबलाच्या कडेला, मारायचा आणि परत येऊन माझ्याच टिपेला लागला पाहिजे. जराही डावी-उजवी स्पिन गेली तर कळायचं. कंटाळून सोडणार होते. आणि टेबल कोणतं दिलं? एक नंबर. दाराच्या समोरचं. मी म्हटलं कोपऱ्यातलं द्या, सगळे बघतात. म्हणाले, बघू दे, आठ दिवसांत सवय होईल. तुला नाही, त्यांना."

मग चॉकचं निघालं. ते आमच्यापैकी प्रत्येकाला आठवत होतं. चॉक वापरून झाला की आपण तो कसाही ठेवतो. निळी बाजू खाली राहिली की गादीच्या लाकडाला लागते, तिथून हाताला, हातावरून कापडाला. काका टेबलाभोवती फिरताना काही न बोलता प्रत्येक चॉक उलटा करून निळी बाजू वर ठेवत जायचे. वर्षानुवर्षं. मला वाटतं आम्ही दहा वर्षांत काकांकडून घेतलं त्यातलं अर्धं असंच, त्यांनी न सांगता. वकिलानं कबूल केलं की तो ऑफिसात शाईचा पॅडसुद्धा झाकण नीट लागलंय का ते दोनदा बघतो.

काउंटरमागे काकांनी एक कात्रण चिकटवलं होतं, विल्सन जोन्सचं. छोटूला वाटायचं ते त्यांचे नातेवाईक. जोन्स पुण्यात जन्मलेले. 1958 मध्ये कोलकात्याला बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात एकट्यानं जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. 1964 मध्ये न्यूझीलंडला जाऊन पुन्हा जिंकले. 2003 मध्ये मुंबईत वारले. त्यांचं नाव आज ठाण्याच्या रस्त्यावर दहाजणांना विचारा. वकील म्हणाला, "मग मोठ्या माणसाची ही गत, तर काकांना कोण लक्षात ठेवणार?" मास्तर म्हणाले, "आपण. इथे बसलेले. तेवढंच आपल्या हातात आहे."

त्यानंतर मात्र कामाचं बोलणं झालं. बक्षिसाचे पैसे म्हणजे जुगार नाही हे ताईचं म्हणणं बरोबर होतं, ते मी मानलं. एन्ट्री फी नको यावर सगळे आले. बक्षीसही रोख नाही, एक चांगला मेपलचा क्यू, आम्ही पाचजणांनी वर्गणी काढून. एट बॉलऐवजी 14.1, कारण त्यात प्रत्येक बॉल आधी सांगून मारायचा, नशिबानं पडलेला मोजत नाहीत. आणि रेफरी नाही. फाउल ज्याचा त्यानं सांगायचा. वकिलाचा याला अजूनही विरोध आहे. त्याच्या मते दुसऱ्याच राउंडला मारामाऱ्या होतील आणि मिटवायला त्यालाच बोलावतील. झाल्या तर बघू, पण ही अट मी सोडणार नाही.

छोटूनं पोस्टर डिलीट केलं. मग मोबाइलवर नवं लिहायला घेतलं आणि विचारलं, किती पॉइंटचा सामना?

"शंभर," मी म्हणालो.

"शंभरला रात्र होईल. पार्लरवाला हाकलेल. तीस."

"तिसात दोन रॅक. काय खेळ दिसणार?"

"पन्नास लिही," ताई म्हणाली, "आणि खाली लिही, चॉक निळी बाजू वर."