उजवा कान तुर्भ्याला उतरला

सोमवारी ठाण्याहून वाशी लोकलमध्ये चक्क विंडो मिळाली. आता अर्धा तास आपला, म्हणून आदल्या रात्री डाऊनलोड केलेला पिक्चर लावला. दोन बहिणी, आईचे गायब झालेले दागिने, पंचवीस वर्षं दाबून ठेवलेलं प्रकरण आणि नेमका थोरलीच्या प्रेमात पडून तीच केस उकरणारा इन्स्पेक्टर. म्हणजे रोमान्स कमी, पंचनामा जास्त.

दिघा गाव येईपर्यंत शेजारच्या काकांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. (हे स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं, चांगलंच झालं, पण चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवणारा अजून एक माणूस तिथे चढतो तो चढतोच.) काका झोपले असतील म्हणून खांदा हलवला तर म्हणाले, "जरा इकडे कलता धरा, ऊन येतंय." मी धरला! मग "ही कोण?", मग "हा हिचा नवरा का?", आणि ऐरोलीला, "नुसते ओठ हलतायत हो. एक कान द्या ना."

एक कान. हळदीकुंकवाच्या वाणासारखा. आणि मी दिला, कारण पांढऱ्या केसांच्या माणसाला नाही म्हणायची सवय आमच्या घरात कुणी लावलीच नाही, पुसून दिला वर.

मग काका खुलले. "चोर धाकटी आहे, लिहून घ्या."

"कशावरून?"

"धाकटीच असते. आमच्या सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, चार तोळ्यांच्या, एकोणीस वर्षं झाली. आमची मिसेस थोरली, साधी बाई. मेहुणी त्या दिवशी माहेरीच मुक्कामाला होती, आता तुम्हीच समजा काय ते."

मी काय समजणार, माझा इन्स्पेक्टर तिकडे थोरलीला छत्रीत घेत होता. पण समोरच्या सीटवरचा टायवाला पेपर खाली करून म्हणाला, "कपाटाची चावी कुणाकडे असायची?"

"कुणाच्या?"

"सासूबाईंच्या."

काकांनी माझा कान नीट खोचला. रबाळे गेलं, घणसोली गेलं. कोपरखैरणेला हळूच म्हणाले, "चावी तशी... मिसेसकडेच असायची."

पुढे कुणीच बोललं नाही. टायवाल्याने पेपर वर केला.

तुर्भे आलं तसे काका पिशवी उचलून "चला, येतो" म्हणत धक्काबुक्कीतून उतरलेसुद्धा. माझ्या उजव्या कानासकट. मी खिडकीतून ओरडलो, पण कानात माझाच पिक्चर चालू, ऐकणार कसे? गाडी सुटली तरी प्लॅटफॉर्मवर मान डोलावत चाललेले दिसत होते, म्हणजे ब्लूटूथची रेंज चांगली आहे, जाहिरातीत खोटं नव्हतं.

संध्याकाळी दुकानात विचारलं तर एक मिळत नाही, अख्खा सेट घ्या. अडीच हजार. दोन कानांच्या वस्तूतला एकच कान हरवणार हे बनवणाऱ्यांना माहीत नसतं का, माहीत असतं, म्हणूनच देत नाहीत. त्यात घरी, ऑफिसात सगळ्यांचं एकच, "पण दिलासच कशाला?" काकांना कुणी काही म्हणत नाही. नाही, म्हणजे खरंच, एकानेही नाही.

आज गुरुवारी तीच गाडी, तेच काका. तोंड उतरलेलं.

"तो पिक्चर मुलाने टीव्हीवर लावून दिला हो. थोरली निघाली चोर. ते कळल्याबरोबर मिसेसने टीव्हीच बंद केला. तीन दिवस झाले, घरात बोलत नाही कुणाशी."

शेवट मी अजून बघितला नव्हता.

"आणि माझा कान?"

"आहे ना, देवघरात ठेवलाय, हरवायला नको. पण आता मुका झालाय, चार्जिंग उतरलं असेल." मग जरा जवळ सरकून, "त्याची ती डबी दोन दिवस द्याल का?"