महिन्याला ४ किलो? ट्रायथलॉनवाल्या त्या फॉरवर्डबद्दल

धुळे-जळगावच्या सायकलिंग ग्रुपांवर सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. ट्रायथलॉनची (एकाच रेसमध्ये पोहणं, सायकल आणि पळणं) तयारी नीट चालली असेल तर महिन्याला ४ किलो उतरलेच पाहिजेत, फॅट मशीनवर दर आठवड्याला फरक दिसलाच पाहिजे, व्हीओटू मॅक्स (जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा) रेसपर्यंत चढतच जातो आणि सीझननंतर २ आठवडे घरी बसलात की सगळं पाण्यात. खाली हात जोडलेले इमोजी.

आधी ते ४ किलो. हिशोब करा ना भाऊ. १ किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, आणि ७० किलोचा माणूस १० किलोमीटर पळाला तर जळतात ७०० च्या आसपास. म्हणजे महिन्यात ४४ वेळा १० किलोमीटर, तेही वरचं काही न खाता, आणि लाँग राइडवरून आल्यावर समोर शेवभाजी असताना कोण दोन भाकरींवर थांबतं सांगा. ज्याचं वजन मुळातच जास्त आहे अशा नवीन माणसाचं सुरुवातीला भराभर उतरतं, खरंय, पण जो २-३ सीझन करतोय त्याचा काटा मे ते ऑक्टोबर फारसा हलत नाही, थोडी चरबी जाते, थोडं मसल येतं, बस. उलट गंमत म्हणजे टेपरमध्ये, म्हणजे रेसआधी ट्रेनिंग कमी करतात त्या दिवसांत, वजन वाढतं! ट्रेनिंग कमी केलं की स्नायूंत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) भरतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं, एखादा किलो असाच चढतो. गोव्याच्या ७०.३ ला (हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन) ९० किलोमीटर सायकल मारून पुढे २१ पळायचंय तेव्हा हेच कामाला येतं, आणि लोक नेमकी त्याच आठवड्यात भाकरी बंद करतात. मुलींनी तर हे करूच नका. खाणं कमी आणि ट्रेनिंग जास्त असं चाललं की पाळी बंद होते, हाडं कमजोर होतात, ती फिटनेसची खूण नाही, सरळ डॉक्टर गाठा. (पुरुषांचेही हार्मोन याने बिघडतात, फक्त लवकर कळत नाही.)

फॅट मशीन चरबी मोजतच नाही. पायातून बारीक करंट सोडते आणि शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधते. आपल्याकडच्या मे महिन्यात २ तास सायकल मारून घामाघूम त्यावर उभं राहिलात तर काय खरं सांगणार ती? सकाळी उपाशीपोटी मोजा आणि महिन्याभराचा कल बघा.

व्हीओटू मॅक्सचं म्हणाल तर मुरलेल्या माणसाचा तो लवकर अडतो. घड्याळातला आकडा तर पेस आणि हार्ट रेटवरून काढलेला अंदाज, उन्हात तो उगाच पडतो. सुधारणा दुसरीकडे दिसते. जूनमध्ये धुळ्याजवळचा लळिंगचा घाट हलक्या गिअरवर, तोंड वासून चढणारा गडी सप्टेंबरात तोच घाट शेजारच्याशी कापसाच्या भावावर गप्पा मारत चढतो, हार्ट रेट कमी, वजन तेच. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या पुढे जोर लावला की दम लागतो ती हद्द, वर सरकलाय, इतकंच.

आणि २ आठवड्यांत सगळं पाण्यात? १९८४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात कसलेल्या खेळाडूंनी व्यायाम पूर्ण बंद केला, तर ३ आठवड्यांत व्हीओटू मॅक्स साधारण ७ टक्के आणि ८ आठवड्यांनी साधारण १६ टक्के उतरला, पुढे तिथेच टिकला आणि कधीच व्यायाम न केलेल्यांपेक्षा तरीही वरच होता. सुरुवातीची घट बरीचशी रक्तातलं पाणी कमी झाल्याने असते, ते परत सुरू केल्यावर लवकर भरून येतं. तेव्हा डिसेंबरात भरीत पार्ट्यांना बिनधास्त जा, आठवड्यातून दोनदा हलकं पळालात तरी चालेल.