समुपदेशन घेतलं म्हणून व्हिसा जात नाही

मुलं ब्रिटनला शिकायला निघाली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो: ‘मन लागत नाही असं तिकडे डॉक्टरला किंवा युनिव्हर्सिटीत सांगायचं नाही. नोंद होते, व्हिसा जातो. उपचारही परवडत नाहीत. घरी रोज व्हिडिओ कॉल केला की झालं.’ काळजीपोटीच पुढे पाठवलेला हा सल्ला मुलांच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘नोंद होते, व्हिसा जातो.’ समुपदेशकाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं. जिवाला धोका दिसला तर अपवाद होतो, पण समुपदेशन घेतलं म्हणून कुणी इमिग्रेशन खात्याला कळवत नाही. या अफवेत खऱ्याचा एक कण आहे, तो मात्र नीट समजून घ्या. स्टुडंट व्हिसावर विद्यापीठ हे स्पॉन्सर, म्हणजे सरकारपुढे विद्यार्थ्याची जबाबदारी घेणारं, असतं. विद्यार्थी वर्गात येईनासा झाला किंवा शिक्षण सोडलं तर ते सरकारला कळवणं विद्यापीठाला भाग असतं. रजा 60 दिवसांच्या पुढे गेली तर सहसा स्पॉन्सरशिपही काढून घेतली जाते. म्हणजे व्हिसा जातो तो गैरहजेरीमुळे. आणि गैरहजेरी अशी सुरू होते: रात्रभर झोप नाही, सकाळचं लेक्चर बुडतं, ट्यूटरची मेल उघडायची भीती वाटते, न उघडलेल्या मेल साचतात, मग किचनमध्ये कुणी भेटेल म्हणून खोलीबाहेर पडणंही नको होतं. पहिल्या पंधरवड्यातच कुणाला सांगितलं, तर सबमिशनची मुदत वाढवून मागता येते. विद्यापीठांत त्यासाठी रीतसर अर्ज असतो. गप्प बसल्यानंच व्हिसा धोक्यात येतो.

‘परवडत नाही.’ अहो, पैसे तुम्ही आधीच भरलेत! व्हिसाच्या अर्जासोबत वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार घेतात, तो याचसाठी. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीजसाठी (बोलण्यातून होणाऱ्या मानसोपचारांसाठी) जीपीची चिठ्ठीही लागत नाही, स्वतःच अर्ज करता येतो. नंबर लागायला वेळ जातो हे खरं, म्हणून अर्ज लवकर करायचा. तोवर विद्यापीठाचं समुपदेशन असतंच, आणि ते मोफत असतं.

‘रोज व्हिडिओ कॉल पुरे.’ कॉल हवेतच, पण त्यांच्यावर विसंबू नका. हिवाळ्यात घड्याळात साडेपाच तासांचा फरक असतो. तिकडे संध्याकाळचे सात, तर इकडे आई रात्री साडेबाराला डोळे ताणून जागी. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ कॅमेरा खोलीच्या आवरलेल्या कोपऱ्याकडे वळवलेला. शिक्षणासाठी घर तारण ठेवलंय हे ठाऊक असलेली मुलगी ‘मला जमत नाहीये’ असं त्या पाच मिनिटांत सांगणार कशी? पालकांनीच एकदा स्पष्ट म्हणावं, ‘सेमिस्टर बुडलं तरी चालेल, तू आधी.’

डिसेंबरात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानं येणारी उदासीही खरीच असते, तीही डॉक्टरला सांगावी.

ब्रिटनमध्ये 116 123 वर समॅरिटन्स या हेल्पलाइनचे लोक चोवीस तास मोफत ऐकून घेतात. इथे घाबरलेल्या पालकांसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.