इंटर्नशिप जून-जुलैत नको

हवामानबदल आणि मासेमारी धोरणावरच्या इंटर्नशिपसाठी जून-जुलै सोयीचे, असं लेखात म्हटलंय. कोणाच्या सोयीचे? १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा मुंबईतल्या वेसावे कोळीवाड्यात आलेल्या मुलांना पावसासाठी शाकारून (झाकून) ठेवलेल्या बोटी दिसतील आणि जाळी विणणारे खलाशी भेटतील. गप्पा छान होतील, पण किती मासळी उतरली, डिझेल किती जळलं, कोणती मासळी कमी झाली, यातलं काहीच डोळ्यांनी बघता येणार नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ठेवा. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही वादळं त्याच हंगामात आली आणि ऐन धंद्यात बोटी किनाऱ्याला लागल्या.

आणि त्या महिन्यांत मुलांना फक्त बंदरावर नेऊ नका, वलांड्यांकडेही, म्हणजे बोंबील सुकवायच्या बांबूच्या मांडवांकडेही न्या. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत अवकाळी पाऊस झाला, तेव्हा आमच्या घरचे सुकत घातलेले बोंबील सगळे कुजले. आई नुकसानीची नोंद करायला गेली तर तिला बोटीचा नोंदणी क्रमांक विचारला. तिच्याकडे बोट नाहीच, ती मासळी विकत घेऊन सुकवते! कोळीवाड्यात अशा कितीतरी बायका आहेत. धोरण शिकायला येणाऱ्या मुलांनी निदान एवढं तरी लिहून न्यावं, की या बायकांचं नुकसान कोणत्या कागदावर आणि कशाच्या आधारे नोंदवायचं. लेखात त्यांच्याबद्दल एक ओळही नाही, याचं फार वाईट वाटलं.