सेफ्टी लावली तरी बार होतो

गेल्या महिन्याभरात आमच्या भागात एक व्हिडिओ हातोहात फिरतोय. एक परदेशी शिकारी एटीव्हीवर, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या रुंद टायरच्या चारचाकी गाडीवर बसून झाडीतून चाललाय आणि रायफल मांडीवर आडवी आहे. खाली कुणीतरी मराठीत लिहिलंय: ‘पीक संरक्षणाच्या बंदूकवाल्यांनो, हे शिका. बंदूक भरून, सेफ्टी लावून मांडीवर ठेवा. मोटरसायकल असो की ट्रॅक्टर, डुक्कर दिसलं की वरूनच बार टाका. लायसन आहे, वावर आपलं आहे, कोणी विचारत नाही. अमेरिकेत सगळे असंच करतात.’

माझ्याकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे आणि वडिलांकडून आलेली बारा बोअरची दुनाळी आहे. डुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं काय करतो आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, शेंडे खुडलेली तूर कशी दिसते, हे मला कुणी सांगायला नको. थंडीच्या रात्री जागलीवर काढलेल्या माणसाचा राग मला कळतो. म्हणूनच या संदेशातलं प्रत्येक वाक्य तपासून बघावंसं वाटलं. त्यातलं एकही टिकत नाही, आणि पहिलं तर जीव घेणारं आहे.

‘भरून, सेफ्टी लावून ठेवा.’ बहुतेक दुनाळ्यांमध्ये सेफ्टी, म्हणजे बार होऊ नये म्हणून लावायची खिटी, फक्त चाप अडवते. आतल्या घोड्यांना, म्हणजे काडतुसावर ठोका मारणाऱ्या भागांना, ती अडवत नाही. बाहेर घोडा न दिसणारी दुनाळी उघडली की आतले घोडे आपोआप चढतात, आणि काडतुसं घालून बंद केली तरी ते चढलेलेच राहतात. ताणलेल्या स्प्रिंगला धरून ठेवते ती एक नखाएवढी खाच. ती झिजलेली असली, तिच्यात जुनं तेल आणि धूळ घट्ट बसलेली असली आणि वरून जोराचा दणका बसला, की ती सुटू शकते. चापाला कुणाचं बोट लागलेलं नसतं, सेफ्टी जागच्या जागी असते आणि बार होतो. काही भारी बंदुकांत घोडा अडवणारी दुसरी योजना असते, पण आपल्या घरातल्या जुन्या बंदुकीत ती आहे असं धरून चालू नये.

मी नववीत होतो. मोठेबाबांच्या मागे मोटरसायकलवर बसून वावरात निघालो होतो. बंदूक आम्हा दोघांच्या मधे उभी होती, नळी खाली. ‘भरली हाये, हात नोको लावू,’ एवढंच ते म्हणाले होते. पांधणीत बंडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. पुढचं चाक चाकोरीत गेलं, गाडी आडवी झाली, बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटला आणि बार झाला. छर्रे मोठेबाबांच्या डाव्या पोटरीतून गेले. मी त्यांच्या पायाला माझा शर्ट बांधला आणि शेजारच्या वावरातल्या माणसांनी बंडी जुंपली. पाय वाचला, पण टाच पुन्हा कधी जमिनीला टेकली नाही. मरेपर्यंत ते काठी घेऊन चालले. कुणीही विचारलं की एकच सांगायचे, ‘सेफ्टी लागलेलीच होती.’ ते खरं होतं. घरी बंदूक आणली तेव्हा वडिलांनी आणि मी ती डोळ्यांनी पाहिली. लागलेली होती.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायच्या बंदुकीचं तर आणखी अवघड. ती एकदा ठासली की काडतुसासारखी रिकामी करता येत नाही. मागच्या निपलवर दारू पेटवणारी टोपी चढवून घोडा तिच्यावर टेकवून ठेवला, तर घोड्यावर बसलेला एक ठोसा पुरतो. ट्रॅक्टरच्या मडगार्डचा, फांदीचा, कशाचाही. म्हणून ती वावरात पोहोचल्यावरच ठासावी. ठासलेली घेऊन परतायची वेळ आली तर आधी टोपी काढावी, आणि टोपी काढल्यावरही ती भरलेलीच आहे असं समजून नळीची दिशा सांभाळावी.

भरून नेण्यामागे कारण दिलं जातं ते वेळेचं. दुनाळी उघडून दोन काडतुसं घालायला किती वेळ लागतो? काही सेकंद. आणि ट्रॅक्टरच्या आवाजाला उठलेलं डुक्कर तुमच्या त्या काही सेकंदांसाठी थांबून राहत नाही, बंदूक भरलेली असो की रिकामी.

‘मांडीवर आडवी ठेवा.’ व्हिडिओतल्या गाडीचंच आधी बघू. एटीव्ही अंगानं चालवायची गाडी आहे. चढावर पुढे झुकावं लागतं, उतारावर मागे सरकावं लागतं, आडव्या उतारावर वजन वरच्या बाजूला टाकावं लागतं. नाही टाकलं तर ती उलटते आणि अंगावर येते. मांडीवर जवळपास चार फूट लांब वस्तू असलेला माणूस हे करणार कसं? एक हात हँडलवर आणि एक बंदुकीवर, अशी ती गाडी चालवताच येत नाही. आपल्या मोटरसायकलची गत याहून वेगळी नाही. ट्रॅक्टरवर तर मडगार्डवर दोन-तीन माणसं बसलेली असतात. तिथे आडवी बंदूक म्हणजे नळी कुणाच्या तरी मांडीला नाहीतर पोटाला लागलेली. पाठीवर पट्ट्यानं टांगली तर बाभळीच्या फांद्यांत अडकते, आणि पडलात तर लोखंड थेट पाठीच्या कण्यावर.

याच्याबरोबर चिखलाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात चाकाला गोळ्यानं चिकटते आणि तशीच उडते. उघडी नळी तिच्या वाटेत असली की तोंडाशी बोळा बसतो. अंधारात तो दिसत नाही. बार टाकला की छर्रे आणि दाब पुढे अडतात आणि नळी फुटू शकते. नळीखाली त्या वेळी आपलाच डावा हात असतो.

‘लायसन आहे, वावर आपलं आहे.’ वावर आपलं असेल, पांधण आपली नाही. घर ते वावर हा रस्ता सार्वजनिक आहे, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी बंदूक पूर्ण झाकलेली, खोळीत असावी लागते. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. बेफिकिरीनं बंदूक वापरून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लोक हे कलम फक्त लग्नातल्या गोळीबाराचं समजतात. ते तेवढ्यापुरतं नाही.

दुसरा गैरसमज याहून खोल आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. पिकाची नासाडी होत असेल तर वनविभागाकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती वेळेवर मिळत नाही, पंचनाम्यासाठी खेटे घालावे लागतात, ही तक्रार माझीही आहे आणि ती मी ग्रामसभेत मांडत आलोय. पण परवानगी उशिरा मिळते म्हणून ती लागतच नाही असं शेतकऱ्याला सांगणं म्हणजे त्याला कोर्टाच्या दारात नेऊन सोडणं आहे.

‘गाडीवरूनच बार टाका.’ १९७२ च्या मूळ वन्यजीव कायद्यात शिकारीचे परवाने होते. तेव्हासुद्धा चाकाच्या वाहनावरून शिकार करायला मनाई होती. कायदा बाजूला ठेवला तरी थरथरणाऱ्या इंजिनावर बसून नेम लागत नाही. जनावर जखमी होऊन पऱ्हाटीत शिरतं आणि सकाळी कापूस वेचायला आलेल्या बायांसमोर उभं राहतं. जो छर्रा चुकतो तो कुठे जातो हाही प्रश्न आहेच. मोठा छर्रा अर्धा किलोमीटर सहज ओलांडतो. आपलं रान सपाट, मागे टेकडी नाही, आणि हंगामात शेजारच्या धुऱ्यापलीकडे कुणीतरी जागलीवर असतंच. रात्री त्याची बॅटरी बंद असली तर तो आहे हे आपल्याला कळतही नाही.

‘अमेरिकेत सगळे असंच करतात.’ नाही करत. तिथे शिकार कायदेशीर आहे, अनेक घरांत बंदुका आहेत, आणि तरीही अनेक राज्यांत वाहनावर भरलेली लांब बंदूक नेणं गुन्हा आहे. पेनसिल्व्हेनियाचा कायदा तर सांगतो की भरलेली बंदूक इंजिनाच्या वाहनात नको, वाहनावर नको, वाहनाला टेकवूनही नको, मग ते चालू असो की उभं. एटीव्हीसाठी तिथे बंदुकीची कडक खोळ मिळते. ती गाडीच्या चौकटीला बोल्टनं पक्की करतात आणि तिच्यात रिकामी बंदूक ठेवतात. व्हिडिओतल्या माणसानं काय केलं ते त्याचं त्याला ठाऊक, तो तिथल्या रीतीचा नमुना नाही.

माझी पद्धत साधी आहे. घरून निघताना दुनाळी उघडून दोन्ही नळ्या बघतो, मग ती खोळीत जाते आणि काडतुसं वेगळ्या पिशवीत. धुऱ्यावर गाडी थांबवून इंजिन बंद करतो, खाली उतरतो, बॅटरीच्या उजेडात नळीत माती नाही ना बघतो, आणि दोन्ही पाय जमिनीवर आल्यावरच भरतो. धुरा किंवा तारेचं कुंपण ओलांडायचं तरी आधी रिकामी करतो. परत निघताना मुलगा सोबत असतो. गाडीवर बसण्याआधी तो उघडी दुनाळी माझ्या हातून घेतो आणि एका टोकाला बॅटरी धरतो. दोन्ही नळ्यांतून उजेड दिसला की मगच माझ्या मागे बसतो.