रांग लागायच्या आधीचा हिशेब

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. मावशीनेही तो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे खरं का रे?’ मेसेजचं म्हणणं असं : साथीच्या तयारीत ‘आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकन’ आणलं की सरकार तुमच्या आईबापाच्या जिवाची किंमत लावणार. वर, संकटात अभ्यासाला वेळ नसतो, हे परदेशी खूळ आहे आणि डॉक्टरांचे हात बांधले जाणार.

जिवाच्या किमतीपासून सुरू करतो, कारण मावशी घाबरली ती त्यालाच.

मूल्यांकनात किंमत पाहतात ती औषधाची, लशीची, यंत्राची. ते खरंच काम करतं का, कोणत्या रुग्णावर करतं, आणि त्याच पैशात दुसरं काही घेतलं तर जास्त माणसं वाचतील का, असे ते प्रश्न असतात. ते आधी कुणी विचारले नाहीत की काय होतं ते मी एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, इंदूरच्या दवा बाजारात पाहिलं. मामा एका खासगी रुग्णालयात होते. चिठ्ठीवर रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनच्या सहा कुप्या. मी दोन दिवस रांगेत, मावसभाऊ ऑक्सिजन सिलिंडरच्या मागे. शेवटच्या दोन कुप्यांसाठी मामीने पाटल्या गहाण टाकल्या. पाचव्या दिवशी मामा गेले. इंजेक्शन मिळालं असूनही गेले, हे मुद्दाम लिहितोय.

आम्ही रांगेत उभे राहिलो त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीचे निष्कर्ष आले होते. ३० देशांतले ११ हजारांवर रुग्ण, त्यात भारतातलेही. रेमडेसिविरने मृत्यू कमी झाल्याचं त्यात दिसलं नव्हतं. उलट काही रुपयांत मिळणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे जून २०२० मध्येच ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं होतं. माहिती होती. ती खरेदीच्या यादीपर्यंत, डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत आणि आमच्या घरापर्यंत पोचवणारी व्यवस्था कमी पडली. त्या दिवसांत जिवाची किंमत लागलीच होती. ती लावली ओळखीने, काळ्या बाजाराने आणि मामीच्या पाटल्यांनी.

‘वेळ नसतो’ म्हणता? म्हणून तर हे काम शांततेच्या काळात करायचं : कोणत्या वस्तूंचा साठा हवा, कोणत्या पुराव्यावर तो वाढवायचा, कोणत्या पुराव्यावर थांबवायचा. आणि साथ चालू असतानाही ते होतं. ‘रिकव्हरी’ मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि डेक्सामेथासोनचं उत्तर जूनमध्ये हातात होतं. पुरावा बदलला की शिफारसही बदलते. २०२० मध्ये रेमडेसिविर नको म्हणणाऱ्या त्याच जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये, आजार सौम्य पण धोका जास्त अशा रुग्णांसाठी ते सुचवलं.

पुरावा अर्धवट असताना साठा केला की काय होतं, ते ब्रिटनने टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधात भोगलं. फ्लूच्या साथीसाठी त्याच्या साठ्यावर ४० कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला. कंपनीकडचे चाचण्यांचे पूर्ण अहवाल मिळवायला औषधांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या स्वतंत्र संस्थेच्या अभ्यासकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. २०१४ मध्ये त्यांनी सांगितलं की मोठ्या माणसांचा त्रास जेमतेम अर्ध्या-पाऊण दिवसाने कमी होतो, आणि रुग्णालयात भरती होणं टळतं याचा भरवशाचा पुरावा नाही.

परदेशी खूळ म्हणावं, तर आपल्या आरोग्य संशोधन विभागाने यासाठी २०१७ मध्येच ‘एचटीएइन’ (हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया) ही व्यवस्था उभी केली. आणि कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्मासाठी आपण ग्रुपांवर रक्तगट टाकत होतो तेव्हा आयसीएमआर या आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी करून फायदा दिसत नाही हे सांगून टाकलं होतं. तरी उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. तेवढे महिने लोक दाते शोधत राहिले.

डॉक्टरांचं म्हणाल तर समोरच्या रुग्णाला काय द्यायचं हे तेच ठरवतील. शहराने काय, किती आणि कोणासाठी आणून ठेवायचं, हे रात्रपाळीच्या एकट्या डॉक्टरवर टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

मेसेजमधली एक भीती मात्र मला पटते. हा हिशेब बंद खोलीत झाला, तर वय किंवा अपंगत्व बघून कुणाला मागे सारलं ते कळणारच नाही. म्हणून निकष, पुरावे आणि कंपन्यांशी कुणाचे संबंध आहेत ते, सगळं आधी जाहीर हवं, हिंदीत आणि मराठीतही. मावशीला मी हेच लिहिलं, आणि मेसेज पुढे पाठवू नकोस म्हणून विनवलं.