दादा, परीक्षा मीही दिलीय

हीथ्रो विमानतळाबाहेर आम्हा अ‍ॅपवाल्या ड्रायव्हरांसाठी वेगळं पार्किंग आहे. तिथे गाडी लावली की फोनवर रांगेतला नंबर दिसतो. तो खाली सरकेपर्यंत चहा प्यायचा, पाय मोकळे करायचे, मोबाइल बघायचा. गेल्या शनिवारी रात्री माझा नंबर चाळिशीत होता आणि कल्याणहून दादाचा व्हिडिओ आला. दादा म्हणजे मोठा मावसभाऊ. व्हिडिओत एका रिक्षावाल्याला चारपाच जणांनी घेरलंय आणि ‘मराठीत माफी माग’ म्हणतायत. पाठोपाठ दादाचा आवाज: "तू तिकडे इंग्रजीतच बोलतोस ना? मग ह्यांना इकडे मराठीत बोलायला काय होतं रे?"

प्रश्न रास्त आहे. मी सोमवार ते शुक्रवार एका लहानशा कंपनीचे हिशेब लिहितो आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री लंडनमध्ये गाडी चालवतो. गाडीही पूर्ण माझी नाही. आठवडाभर ती बांगलादेशातल्या सिल्हेटचा एक जण चालवतो, शनिवार-रविवारचा मालक मी. त्यामुळे परमुलखात पोटासाठी गाडी हाकणारा माणूस कुठली भाषा बोलतो, ह्यावर मला थोडं बोलता येईल.

तर दादा, परीक्षा मीही दिलीय. इथे अ‍ॅपवर भाडी घ्यायला शहराच्या वाहतूक खात्याचं लायसन्स लागतं. ड्रायव्हर त्याला अजून ‘पीसीओ’ म्हणतात, कारण लायसन्स देणाऱ्या जुन्या कचेरीचं नाव होतं पब्लिक कॅरेज ऑफिस. (मला मात्र पीसीओ म्हटलं की सोलापूरच्या नव्या पेठेतला पिवळा टेलिफोन बूथच आठवतो.) गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, डॉक्टरचा दाखला, नकाशा वाचण्याची परीक्षा, आणि इंग्रजी. वर सुरक्षेच्या नियमांची आणखी एक परीक्षा, तीही अर्थात इंग्रजीतच. अंध प्रवाशाबरोबर कुत्रा असेल तर त्याला नाही म्हणता येत नाही आणि जादा पैसेही मागता येत नाहीत, हे मी तिथेच शिकलो. सोलापुरात बी.कॉम. झालेला, इथे बारा वर्षं इंग्रजीत नोकरी करणारा माणूस मी, तरी आदल्या रात्री झोप लागली नव्हती. सोमालियाच्या, अफगाणिस्तानच्या ड्रायव्हरांचं काय होत असेल!

ही अट कुणालाच आवडली नव्हती. उबरने इंग्रजीच्या लेखी परीक्षेला कोर्टात आव्हान दिलं आणि २०१७ मध्ये हरली. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रिक्षा परवान्यासाठी मराठीची सक्ती करणारं परिपत्रक रद्द केलं. दिवाकर रावते परिवहन मंत्री असताना, २०१६ मध्ये ते निघालं होतं. म्हणजे एका शहरात भाषेची अट टिकली, दुसऱ्यात परवान्याची अट पडली. पण परवाना रिक्षाचा असतो, बॅज चालकाचा; त्या बॅजसाठी मराठीचं जुजबी ज्ञान हवं, हा महाराष्ट्राचा नियम त्या परिपत्रकापेक्षा जुना आहे.

लंडनला इंग्रजी लागतं तर मुंबईला मराठी लागावं, हे म्हणताना मला अजिबात संकोच वाटत नाही. इथले माझे काही मराठी मित्र ‘भाषा लादू नये’ म्हणून हळहळतात आणि स्वतःच्या मुलीसाठी बाई ठेवताना तिचं इंग्रजी आधी ऐकून घेतात. त्यांचं राहू दे.

माझं दादाशी भांडण पुढे आहे. माझी परीक्षा एका खोलीत झाली, ठरलेल्या दिवशी, ठरलेली फी भरून. नापास झालो असतो तर पुन्हा बसलो असतो. पास झाल्यावर आजवर कुठल्या वाटसरूने काच ठोठावून ‘बोल इंग्लिश’ म्हटलेलं नाही. तसा एकदा रात्री दोनच्या सुमारास एक झिंगलेला प्रवासी माझ्या उच्चारांची नक्कल करत बसला होता. ‘व्हाइन’ की ‘वाइन’ ह्यावरून अर्धा तास. मी गप्प राहिलो आणि त्याला उतरवल्यावर अ‍ॅपवर तक्रार केली. त्यानेही माझी केली असेल. पण दोघांनाही माहीत होतं की माझं इंग्रजी कमी पडतंय की नाही हे ठरवणारी कचेरी वेगळी आहे, आणि ती रात्री दोनला रस्त्यावर उभी नसते. २०२५ च्या जुलैत विरारला मराठीवरून रिक्षावाल्याला जो मार बसला, त्यातून तो कुठली वाक्यं शिकला असेल?

आता गाडीत खरोखर बोलायला किती लागतं, तेही सांगतो. प्रवाशाचं नाव विचारायचं. हीटर वाढवू का. इथे थांबता येत नाही, पुढच्या कोपऱ्यावर सोडतो. बाकी सगळं फोन बोलतो. इथल्या काळ्या टॅक्सीवाल्यांना लंडनच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात, त्यात वर्षं जातात. आम्हाला बाणाच्या मागे जायचं. रात्रभरात मी मोजून चाळीस वेगळी वाक्यं बोलत असेन. तेवढी मराठी कुणालाही पंधरा दिवसांत शिकवता येईल, पण शिकवणार कोण? इथल्या कॉलेजांत परदेशी लोकांसाठी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग चालतात, आमच्या रांगेतले कितीतरी जण तिथून आलेत. कल्याण स्टेशनच्या रिक्षास्टँडवर चाळीस वाक्यांची पुस्तिका वाटायला किती खर्च येईल, दादा? तुमच्या चौकातल्या एका वाढदिवसाच्या फ्लेक्सएवढा.

सोलापुरात तर हे वर्ग लागलेच नाहीत. आमच्या स्टँडवरचा रिक्षावाला पद्मशाली प्रवाशाशी तेलुगूत, अक्कलकोटहून आलेल्याशी कन्नडमध्ये, विजापूर वेशीत उर्दूत आणि माझ्या आईशी मराठीत बोलायचा. सगळ्या भाषांत पैसे मात्र जास्तच मागायचा. ह्या भाषा तो शिकला, कारण समोरचे त्याच्याशी आपापल्या भाषेत बोलायचे.

इथे एक कबुली. गेल्या दिवाळीत पुण्यात स्वारगेटहून कोथरूडला जायला अ‍ॅपवरून रिक्षा केली. बसताबसता मीच म्हणालो, "भैया, जरा जल्दी लेना." तोही हिंदीत. लक्ष्मी रोडच्या गर्दीवर, पावसावर, सीएनजीच्या रांगेवर दोघांनी कष्टाने हिंदी झोडली. डेक्कनला त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "आई, ज्वारी दळून आणली का?" गडी बार्शीचा होता. पुढचं अंतर आम्ही दोघंही ओशाळून गप्प.

आणि एक गोष्ट दादाच्या व्हिडिओंत नव्हती. त्याच २०२५ च्या जुलैत मुंबईत ओला-उबरचे ड्रायव्हर संपावर जाऊन आझाद मैदानावर बसले होते. मागणी काय, तर काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतकं भाडं मिळावं. आम्हाला इथे जे मिळालं, तेही भांडूनच. २०२१ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे ड्रायव्हर ‘कामगार’ आहेत असा निकाल दिला, म्हणून किमान वेतन आणि सुट्टीचे पैसे आले. माझ्यासारख्या दोन रात्रींच्या ड्रायव्हरच्या हिशेबातही सुट्टीची वेगळी ओळ दिसते. रक्कम मोठी नसते, पण मी ती ओळ दर आठवड्याला वाचतो. आझाद मैदानावर मराठी ड्रायव्हरही असणारच. त्यांचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीच टाकला नाही, मीही नाही.

हे सगळं मी दादाला तीन व्हॉइस नोटांत बोललो. नंबर तोवर अकरावर आला होता. दादाने ऐकलं, निळ्या खुणा दिसल्या. बराच वेळ ‘टायपिंग’ चालू होतं. मग एकच ओळ आली:

"बाकी राहू दे. स्वारगेटला सुरुवात तू हिंदीत का केलीस?"

उत्तर लिहायला घेतलं आणि भाडं आलं. टर्मिनल तीन, दोन बॅगा.